दोघांच्या वजनावर लावलेली गाडी

मंगळवारी दुपारी माझे पती हिंजवडीतल्या त्यांच्या ऑफिसात खुर्चीवरून उठले आणि पडले. सहकाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तपासून ते गेल्याचं सांगितलं. मी तेव्हा शनिवार पेठेतल्या वाचनालयात होते, जिथे मी काम करते. दिरांचा फोन आला. ते म्हणाले, "वहिनी, मी न्यायला येतोय. तिथेच थांबा."

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. घरात माणसं असतात, चहा होत राहतो, कुणीतरी आपल्यासाठी ताट वाढतं आणि आपण जेवतोही. आम्हाला मूल नाही. दिवसकार्य झाल्यावर पाहुणे आपापल्या घरी गेले. भाऊजी मात्र दर शनिवारी येत राहिले. ते माझ्या पतींचे धाकटे भाऊ, चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर. कागदपत्रांची उरलेली कामं ते करून देत, आणि काम नसेल तेव्हा नुसते बसत. अशाच एका शनिवारी त्यांनी विचारलं, "वहिनी, धायरीच्या शेडमधल्या गाडीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"ठेवायची की देऊन टाकायची. ठेवायची तर चालवावी लागेल. नुसती उभी राहिली तर टायर एका जागी बसतात, रबर मरतं."

"मी चालवीन."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही रिक्षावाल्यालासुद्धा दोनदा 'जरा सावकाश' म्हणता."

"म्हणजे मला वेग कळतो," मी म्हणाले. त्या दिवसांत आम्ही दोघं पहिल्यांदाच हसलो.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती दोन माणसांची, जमिनीलगत बसलेली, जुनी स्पोर्ट्स कार आहे. माझ्या पतींनी ती कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली पाहिली आणि घेतली. इंजिन त्यांनी दुसऱ्यांकडून दुरुस्त करून घेतलं, रंग दुसऱ्यांकडून लावून घेतला, पण सस्पेन्शनला, म्हणजे चाकं आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये जे काही असतं त्याला, कुणाला हात लावू दिला नाही. ते काम त्यांना स्वतः करायचं होतं. वेगात त्यांना फारसा रस नव्हता. सरळ रस्त्यावर गाडी पळवणाऱ्यांबद्दल ते म्हणत, "विहिरीत टाकलेला दगडही वेगात जातो." त्यांचं सगळं लक्ष वळणावर. गाडी वळताना पुढची चाकं धड नसली तर तोंड वळणाबाहेर जात राहतं, आपण कितीही स्टिअरिंग फिरवलं तरी. मागची धड नसली तर शेपूट सुटतं. त्यांना दोन्ही नको होतं. डावीकडे आणि उजवीकडे गाडी सारखीच वळली पाहिजे, चारही चाकांनी रस्ता सारखाच धरला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं आणि त्यासाठी आमचे कित्येक रविवार गेले.

ते काम मला कळलं ते हॉटेलातल्या टेबलांमुळे. उपाहारगृहात शिरलं की हे आधी टेबल हलवून पाहत. डुगडुगत असलं तर ऑर्डर द्यायच्या आधी कागदी रुमालाची घडी करून पायाखाली सारत. वेटर उभा राहून बघत असे. "टेबल डुगडुगतं तेव्हा सगळं वजन समोरासमोरच्या दोन पायांवर असतं," ते मला सांगत, "एक या कोपऱ्यातला, एक त्या तिरक्या कोपऱ्यातला. बाकीचे दोन नुसते दाखवायला. गाडीचंही तसंच. चार चाकं दिसतात, पण काम करतात किती ते पाहावं लागतं." मी म्हणे, "आधी इडली सांगा."

शेड धायरीत. पूर्वी तो गोठा होता. मालकांच्या शेतावर आता सोसायट्या उभ्या आहेत, जनावरं गेली, गोठा राहिला. गाडी तोलण्यासाठी जमीन सपाट लागते आणि गोठ्याच्या जमिनीला पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो, त्यामुळे पहिले काही रविवार जमिनीतच गेले. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन हे एका कोपऱ्यात बसत आणि दुसरं टोक मला धरायला लावत. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका उंचीला येईपर्यंत चाकांखालच्या चार जागी प्लायवूडचे तुकडे रचायचे, मग त्यांवर चार वजनकाटे, आणि काट्यांवर गाडी. मालक दारात येऊन पाहत. एकदा म्हणाले, "साहेब, गाडी हाय का घोडं? दर आठवड्याला खरारा चाललाय."

"घोडं परवडलं असतं," हे म्हणाले, "ते स्वतःचं स्वतः उभं राहतं."

प्रत्येक चाकावर किती भार आहे हे काटे दाखवत. मग स्प्रिंगच्या खालची गोल चकती हुकासारख्या पान्याने थोडी फिरवायची. एका कोपऱ्याची स्प्रिंग वर उचलली की त्या चाकावरचा भार वाढतो आणि त्याच्या तिरक्या समोरच्या चाकावरचाही वाढतो, उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. टेबलाच्या पायाखाली घडी सारण्यासारखंच. पण हे सगळं रिकाम्या गाडीत करून उपयोग नाही. गाडी चालते तेव्हा तिच्यात माणूस असतो, तेव्हा माणसाचं वजन धरूनच ती लावायची, तंबोरा लावतात तशी. बाकीचे लोक चालकाच्या सीटवर वाळूची पोती ठेवतात, कारण चालकाला स्वतः खाली बसून पाना फिरवायचा असतो. यांनीही आपल्या वजनाइतकी वाळू भरून उजव्या सीटवर ठेवली होती. डाव्या सीटवर मी बसायचे.

याला भाऊजींचा आक्षेप होता. ते एका रविवारी मदतीला आले होते आणि मला सीटवर पुस्तक उघडून बसलेली पाहून म्हणाले, "दादा, वहिनींना उतरव. गाडी एकट्या चालकावर लावायची असते. सगळे तशीच लावतात."

"सगळे एकटे जात असतील," हे गाडीखालून म्हणाले.

"अरे, पण मग निदान डावीकडेही वाळू ठेव. त्यांना कशाला दिवसभर बसवून ठेवतोस?"

"वाळू भरा, शिवा, उचला. ही आपली चालत येते." मग मला म्हणाले, "तू पान जरा हळू उलट. काटा हलतो."

काटा हलत नसणार. पण मी पान हळू उलटत असे. त्या सीटवर मी पुष्कळ वाचलं. घरी दोघांच्या दोन खोल्या होत्या, ते त्यांच्या कॉम्प्युटरपाशी, मी माझ्या पुस्तकांपाशी, आणि दिवस दिवस आम्ही जेवणापुरतं बोलत असू. भांडण नव्हतं, स्वभावच तसे. शेडमध्येही फारसं बोलत नव्हतो. पण तिथे मी त्यांच्या कामात होते. माझ्याशिवाय ते काम होत नव्हतं. पूजेला मी त्यांच्या उजवीकडे बसत असे, गाडीत डावीकडे, आणि दोन्हीकडे मी काही न करता बसलेली असले तरी मी तिथे असणं लागत होतं.

चाकण रस्त्याला भाऊजींच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं बंद पडलेल्या कारखान्याचं डांबरी आवार आहे. त्यांच्या परवानगीने आम्ही तिथे जात असू. शाळेच्या मैदानावर आखतात तसं फक्कीने मोठं वर्तुळ आखायचं आणि त्याच्यावरून आधी डावीकडून, मग उजवीकडून गाडी फिरवत राहायची. मी शेजारी. ज्या वेगाला चाकं वर्तुळावरून सरकायला लागतील तो वेग दोन्ही बाजूंना सारखा आला पाहिजे, आणि आधी कुठलं टोक सरकतं तेही सारखं असलं पाहिजे. नसलं की परत धायरी, परत काटे, परत पाना. ते जाण्याच्या आदल्या रविवारी तो सारखा आला. त्यांनी गाडी थांबवली, हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून म्हणाले, "लागली." आणखी काही नाही. शेडवर परत आल्यावर त्यांनी चारही चकत्यांची कुलूपं, म्हणजे चकती फिरू नये म्हणून आवळायची कडी, घट्ट केली आणि प्रत्येकीवर, चकती आणि ती ज्यावर फिरते ते नळकांडं यांच्या सांध्यावर, लाल नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढली. चकती जराही फिरली तर रेघ तुटते, लगेच कळतं. ती बाटली त्यांनी आमच्या वाचनालयाजवळच्या दुकानातून आणली होती. दुकानदाराने मला दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, "काय हो, साहेबांनी रंग बरोबर नेला ना? मी म्हटलं होतं, वहिनींना हा भडक होईल." मी म्हटलं, "माझ्यासाठी नव्हता." त्याने काय समजून घेतलं कोण जाणे.

तर ती गाडी भाऊजींनी आणि मी शेडमधून काढली तेव्हा श्रावण संपत आला होता. आवारात पहिली फेरी भाऊजींनी मारली, एकट्यांनी. अंगाने ते भावासारखेच आहेत. मी कडेला उभी होते. उजवीकडून फिरताना गाडीचं तोंड वर्तुळाबाहेर जात होतं, फक्कीच्या रेघेपासून दूर दूर. डावीकडून फिरवली तेव्हा शेपूट सुटलं. भाऊजींनी गाडी थांबवली, दार उघडलं आणि तसेच बसून राहिले.

"बिघडली का?" मी विचारलं.

"नाही. चकत्या जागेवर आहेत, रेघा शाबूत आहेत." मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा."

मी डावीकडे बसले. गाडी दोन्ही बाजूंना सारखी वळली. ती सुरेख वळली, हे मलाही कळलं.

"तुमचं वजन धरून लावली आहे," भाऊजी म्हणाले. "तुम्ही उतरलात की मागचं डावं चाक हलकं पडतं आणि सगळा तिरका हिशेब बिघडतो. मी सांगितलं होतं दादाला." त्यांचा आवाज चिडका होता. मेलेल्या माणसावर चिडता येत नाही, म्हणून ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुम्ही चालवणार तर ती परत लावावी लागेल. तुमच्या एकटीवर."

"नाही," मी म्हणाले.

"का?"

"त्या रेघा तोडायच्या नाहीत."

भाऊजींनी वाद घातला नाही. कुणी गेलं की घरात त्याच्या हातच्या पुष्कळ वस्तू मागे राहतात, पण पुऱ्या झालेल्या फार थोड्या असतात. यांच्या टेबलावर सगळं अर्धवट होतं. ऑफिसातलं त्यांचं काम दुसऱ्या कुणीतरी पुढे नेलं. हे एकच काम त्यांनी शेवटापर्यंत नेलेलं होतं आणि पुरं झालं असं तोंडाने म्हटलं होतं. ते मी मोडावं असं मला वाटत नव्हतं. पण गाडी झाकून ठेवायचीही माझी तयारी नव्हती. घरी मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नव्हते, आणि आणखी एक बंद खोली मला नको होती.

मग मला एक युक्ती सुचली आणि ती माझ्यासारखीच होती. वाचनालयातून रद्द केलेली पुस्तकं रद्दीत जायची असतात. त्यांतले जाडजूड कोश आणि जुन्या मासिकांचे बांधीव खंड मी मागून घेतले, सुतळीने गठ्ठे बांधले, घरच्या काट्यावर माझ्या वजनाइतके भरले आणि डाव्या सीटवर रचून त्यांना पट्टा लावला. माझ्या जागी पुस्तकं. मी उजवीकडे. भाऊजींना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "शब्दकोशाला सीटबेल्ट लावणारी बाई पुण्यातच भेटणार." पण आडकाठी केली नाही.

शेडचे मालक मात्र काचेतून वाकून बघत म्हणाले, "बाई, शेजारी कुणाला बसवलंय?"

"मलाच," मी म्हणाले. ते मान हलवत निघून गेले.

तसे काही आठवडे गेले. मी पानशेतच्या रस्त्याला सकाळी जाई. वेगात नाही, लोकांच्या स्कूटर मला मागे टाकून जात. गाडी जमिनीलगत असल्यामुळे रस्ता हातात आल्यासारखा वाटतो, आणि प्रत्येक वळणाला ती जशी बसून वळते त्यात मला यांचा हात कळत होता. असं मला वाटत होतं. मग एका सकाळी, रस्ता ओला असताना, धरणाच्या अलीकडच्या उजव्या वळणावर मागचं अंग सुटलं. मी काहीच चुकीचं केलं नव्हतं. शेपूट डावीकडे सरकलं, गाडी अर्धी फिरली आणि कडेच्या मुरमात थांबली. समोरून दुधाचे कॅन लावलेला एक मोटरसायकलस्वार येत होता. तो दोन्ही पाय टेकून थांबला. आमच्यामध्ये फार अंतर नव्हतं. मीच खाली उतरून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मावशी, घरी जा." त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

भाऊजींना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो लागलं का हा नव्हता. तो होता, "कुठल्या बाजूचं वळण?"

"उजवं."

"उजवं." ते विचार करत राहिले. "मी एकटा होतो तेव्हा डाव्या वळणावर सुटत होती. आता उजव्या. दोष बाजू बदलून आला आहे." मग त्यांनी मान वर केली. "बरोबर आहे. डावीकडे तुमच्याइतकं वजन आहे, पण उजवीकडे दादा नाही. तुम्ही दादापेक्षा किती हलक्या आहात. गठ्ठे डावीकडे ठेवून भागणार नाही, वहिनी. उजवीकडेही कमी पडतंय. मग काय, दादाचं उरलेलं वजन तुम्ही मांडीवर घेऊन बसणार?"

बोलून गेल्यावर ते थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मी पाणी आणायला आत गेले आणि ओट्यापाशी थोडा वेळ उभी राहिले.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी जपून लिहिते आहे, कारण त्यात शहाणपण असल्याचा भास मला नको आहे. इतके महिने मी असं धरून चालले होते की यांची जागा रिकामी झाली आहे आणि मी माझ्या जागी आहे. गाडीच्या हिशेबात तसं नव्हतं. यांच्या जागेवर मी होते, आणि माझी जागा रिकामी होती. जी लावून ठेवली होती ती गाडी आम्हा दोघांची होती आणि ती पुरी झाली त्या रविवारी, दोघं बसलेले असताना. त्यानंतर, भाऊजींबरोबरचा आवारातला तो एक दिवस सोडला तर, ती कुणीच चालवलेली नव्हती. मीही नाही. मी मधल्या मधे एक बिघडलेली गाडी चालवत होते आणि एका दूधवाल्याला तिच्याखाली घालणार होते.

मी बाहेर येऊन म्हणाले, "भाऊजी, रविवारी काटे काढा."

रविवारी आम्ही गठ्ठे उतरवले. पाण्याच्या नळीचं एक टोक भाऊजींनी धरलं, एक मी. प्लायवूड बसून बसून दबलं होतं, तेवढं सारखं केलं. शेडच्या कोपऱ्यातली वाळूची पोतीही काढून टाकली. मग भाऊजींनी हुकाचा पाना माझ्यापुढे धरला. "पहिली रेघ तुम्ही तोडा," ते म्हणाले. "माझ्याच्याने होणार नाही."

मी मागच्या डाव्या चाकापाशी चटई टाकून बसले. कुलूप सोडवायला दोन्ही हात लागले. चकती आधी हललीच नाही, मग एकदम हलली, आणि लाल रेघेचे दोन तुकडे झाले. एक चकतीबरोबर गेला, एक जागेवर राहिला. त्याचं मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. भीती वाटली होती ती आदल्या रात्री. प्रत्यक्षात फक्त हाताला ग्रीस लागलं.

बाकीचं भाऊजींनी केलं. मी उजव्या सीटवर बसून राहिले, कारण आता पोतं नको होतं, मी स्वतःच होते. ते खालून विचारत, "किती?" आणि मी मांडीवर ठेवलेल्या, काट्यांना तारांनी जोडलेल्या पडद्यावरचा आकडा वाचून सांगे. दुपारी मालकांनी चहा पाठवला. चहा पिताना भाऊजी म्हणाले, "दादाने केली होती ती चूक नव्हती, वहिनी. मी उगाच बोललो होतो. त्याला जशी चालवायची होती तशी त्याने लावली."

"मला माहीत आहे."

"आता तुम्हाला एकटीला बसवून लावतो आहे, तर सगळे लावतात तशी झाली. म्हणजे माझंच खरं झालं." ते हसले नाहीत. "मला नको होतं खरं व्हायला."

पुढच्या रविवारी आवारात मी स्वतः फिरवली, आधी डावीकडून, मग उजवीकडून. भाऊजी फक्कीच्या वर्तुळाच्या मधोमध उभे राहून गाडीबरोबर गोल गोल फिरत होते. मला थांबवून म्हणाले, दोन्हीकडे सारखी आहे. मग तिच्यात माझ्याशेजारी बसायला निघाले आणि दारापाशी थबकले, कारण ते बसले असते तर ती पुन्हा सारखी राहिली नसती. ते आपल्या गाडीने मागून आले.

कोशांचे गठ्ठे मी रद्दीवाल्याला दिले. यांची खोली उघडून झाडून घेतली. तिथे आता मीही कधी कधी वाचत बसते. गाडी माझ्या एकटीच्या वजनावर लावलेली आहे. आठवड्यातून एकदा मी ती पानशेतच्या रस्त्याने धरणापर्यंत नेते आणि परत आणते.